तिला सांगा

आमच्या फीमेल वॉर्डात दोन नर्सेस एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्यापायी सगळ्यात जास्त बोलावं लागत होतं ते मनोरमाताईंना. मनोरमा शिंत्रे, मूळ गाव मिरज, हल्ली मुक्काम दुबई, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, आणि पांढऱ्या युनिफॉर्मवर बारा महिने तपकिरी स्वेटर घालणाऱ्या. बाहेर डांबर वितळत असलं तरी बाईंना एसीची थंडी वाजायची. मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. बर दुबई ह्या भागात मीना बाजारच्या मागच्या गल्लीत आम्ही दोघी एका फ्लॅटमध्ये राहायचो, एका खोलीत त्या, दुसऱ्या खोलीत मी. त्यामुळे वॉर्डातलं सगळं माझ्या कानावर दोनदा यायचं. एकदा ड्यूटीवर, आणि एकदा घरी भाजी निवडताना.

न बोलणाऱ्या त्या दोघी म्हणजे झुबेदा परकार आणि मनाली राऊळ. झुबेदा दापोलीकडची, मनाली सावंतवाडीची. एकाच वर्षी दुबईत आलेल्या, होस्टेलच्या एकाच खोलीत राहणाऱ्या. सगळ्या वॉर्डात मल्याळी आणि फिलिपिनो मुलींची गर्दी, त्यात ह्या दोघींचं मराठी आपलं एका कोपऱ्यात चालायचं. नुसते गळ्यात गळे. रमजानात मनाली झुबेदासमोर पाण्याचा घोटसुद्धा घेत नसे, आणि गणपतीत मनालीला सुट्टी मिळावी म्हणून झुबेदा स्वतः तिच्या ड्यूट्या करायची.

मग झुबेदाला एक स्थळ आलं. मुलगा शारजाला राहणारा, हमरिया फ्री झोनमध्ये कुठल्याशा कंपनीत अकाउंट्सला. मुलाची बहीण एक दिवस तब्येत दाखवायच्या निमित्ताने ओपीडीत आली. खरं म्हणजे ती मुलीची चौकशी करायला आली होती. नेमकी तिला मनाली भेटली. मनालीने मैत्रिणीचं तोंड भरून कौतुक केलं. झुबेदा नाइट ड्यूटीला कधी नाही म्हणत नाही, मेन्स वॉर्डातसुद्धा पेशंट तिलाच हाक मारतात, असं काय काय सांगितलं. बहीण गोड हसली, घरी गेली आणि आठवड्याच्या आत स्थळ मोडलं. असल्या लोकांना नर्सचा पगार चालतो, रात्रपाळी चालत नाही. मला आजही त्या बाईचं नाव काढलं की संताप येतो.

झुबेदाला हे कळलं तेव्हा ती भांडली नाही, रडली नाही. तिने मनालीशी बोलणं बंद केलं, बस. दोन दिवस मनाली मागे मागे फिरली. मग तिलाही राग आला. चांगलं बोलून वर शिक्षा! तिनेही तोंड फिरवलं.

आमच्याकडच्या फिलिपिनो मुली भांडल्या की हंबरडा फोडायच्या आणि चहाच्या वेळेपर्यंत एकमेकींच्या केसांना क्लिपा लावत बसायच्या. केरळच्या मुली तडक मेट्रनकडे तक्रार घेऊन जायच्या. अबोला धरून महिनोन् महिने नीट नांदायचं, हे काम आपल्याच लोकांना जमतं. त्या दोघी एकाच ट्रॉलीवर औषधं लावायच्या, एकच पेशंट दोन बाजूंनी धरून कुशीवर वळवायच्या, आणि बोलायच्या मात्र मनोरमाताईंशी.

"सिस्टर, तिला सांगा, चार नंबरचं सलाइन संपत आलंय."

"मनाली, चार नंबरचं सलाइन संपत आलंय गं."

"सिस्टर, तिला सांगा, मला दिसतंय."

आणि ती 'ती' हातभर अंतरावर उभी असायची! मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसले. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

ताईंना मात्र ह्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. मिरजेला त्यांची आई आणि काकू एकाच स्वयंपाकघरात कित्येक वर्षं न बोलता रांधत होत्या. 'मनू, काकूला सांग, आमटीत मीठ घातलंय.' 'मनू, आईला सांग, मला दिसलं.' मनू इकडून तिकडे पळायची आणि घर चालायचं. भांडण मिटवायचं म्हणजे मध्ये उभं राहायचं, एवढंच त्या लहानपणापासून शिकल्या होत्या.

"ताई, हे हॉस्पिटल आहे," मी मेथी निवडता निवडता सुनवायची. "इथे आमटीत मीठ दोनदा पडलं तर माणूस मरेल."

"अगं, विरघळतं हळूहळू सगळं. तोवर मी आहे ना मध्ये."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

तीच तर त्यांची धास्ती होती. त्यांचा जीव सारखा टांगणीला. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी देवळात जायचं सोडून बाई फोनपाशी बसून राहायच्या, आणि वॉर्डातून फोन यायचा: सिस्टर, तिला सांगा, एक्स-रे आलाय. मग ताई म्हणायच्या, दे तिला फोन. एकाच काउंटरवर रिसीव्हर ह्या हातातून त्या हातात जायचा. जेवताना मध्येच घास थांबवून त्या विचारायच्या, "मी मनालीला नऊ नंबरच्या ड्रेसिंगचं सांगितलं का गं?" मला काय ठाऊक! त्यांचं वजन उतरलं, डोळ्यांखाली काळं आलं.

मेट्रनकडे जावं, तर त्याचीही भीती. सत्यभामा मॅडम बाई तशी दुष्ट नव्हे, पण तिचा कायदा सरळ होता. स्टाफमध्ये भांडण म्हणजे दोघींपैकी एकीचा व्हिसा कॅन्सल. कॅन्सल म्हणजे वर बॅन, म्हणजे घरी. मनाली घरातली एकटी कमावती. आणि झुबेदा स्थळ मोडल्यावर लगेच परत गेली असती तर तिच्या गावच्या लोकांनी काय काय जोडून घेतलं असतं ते सांगायला नको. दोघींतली कोण जाणार, हे मॅडमनी मनोरमाताईंनाच विचारलं असतं. त्या प्रश्नाच्या भीतीने बाईंनी महिन्यामागून महिने निरोप वाहिले.

दोन हजार एकचा रमजान नोव्हेंबरात लागला. सात नंबरच्या खाटेवर उम्म सालेम नावाची म्हातारी होती. इथलीच, लोकल. पायाची जखम चिघळलेली, साखर चढलेली. डॉक्टरांनी रोजा धरायला सक्त मनाई केली होती. ती दुपारी थोडंसं खायची, पण खरं जेवण अजान झाल्यावर सगळ्यांबरोबरच जेवणार, हा तिचा हट्ट. म्हणून तिचं संध्याकाळचं इन्सुलिन त्या जेवणाच्या जरा आधी द्यायचं ठरलं होतं. पेशंट झुबेदाची. झुबेदाचा रोजा, ती अजानला पॅन्ट्रीत जाऊन खजूर खायची, तेवढा वेळ तिचे पेशंट मनाली बघायची. ताईंच्या मध्यस्थीने ही घडी रमजानाचे पहिले दिवस बरी बसली होती. ताईंना वाटू लागलं होतं की निभावलं.

त्या संध्याकाळी मी रक्ताचे सॅम्पल घ्यायला वॉर्डात गेले होते. अजानची वेळ होत आली होती. झुबेदाने सात नंबरला इन्सुलिन दिलं आणि घाईघाईने काउंटरवर आली.

"सिस्टर, तिला सांगा, सात नंबरचं इन्सुलिन झालंय. सही मी आल्यावर करते."

"बरं, जा तू. रोजा सोड आधी," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात उम्म सालेमचं सगळं गणगोत दारात. लेकी, सुना, नातवंडं, आणि हरीसचं, म्हणजे गहू आणि मांस घोटून केलेल्या खिमटीचं, एक एवढं मोठं पातेलं. ते त्यांनी थेट ऑक्सिजनच्या ट्रॉलीवर ठेवलं. ताई धावल्या. पातेलं उतरवलं, पोरांना बाहेर काढलं, हातात दिलेली खजूर नको नको म्हणत खाल्ली. त्या गोंधळातच मेट्रनचा निरोप आला, खाली या, आणि त्या तशाच खाली गेल्या. मनालीला सांगायचं राहून गेलं.

मनाली सात नंबरपाशी आली. जेवणाचा ट्रे आलेला, चार्टवर इन्सुलिनची सही नाही. पॅन्ट्री समोरच होती. दार उघडं होतं, झुबेदा आत पाणी पीत होती, मला माझ्या जागेवरून दिसत होती. नुसतं 'दिलंस का गं?' एवढं विचारायचं होतं. मनालीने तिकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मग सिरिंज भरली, म्हातारीला टोचलं आणि सही केली.

मी सगळं बघत होते, पण मला तरी काय कळणार? झुबेदाचा निरोप मी अर्धामुर्धा ऐकलेला, आणि मनालीच्या सिरिंजमध्ये काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

झुबेदा तोंड पुसत आली. सही करायला चार्ट उघडला, तर तिथे आधीच मनालीची सही. तिने काउंटरकडे पाहिलं. ताई नव्हत्या. मनाली पलीकडच्या खाटेशी ब्लड प्रेशर बघत होती. झुबेदाने तिच्याकडे एक पाऊल टाकलं, थांबली, आणि माझ्याकडे वळली.

"अपर्णा, तिला विचार ना, तिने सात नंबरला इन्सुलिन दिलं का?"

मला राग आला. म्हातारीच्या जिवाशी खेळ झाला होता आणि ही अजून मधला माणूस शोधत होती!

"तिला तूच विचार!" मी ओरडले. "मूर्ख आहात का दोघी?"

माझ्या ओरडण्याने मनालीनेच मान वळवली. तिने झुबेदाच्या हातातला चार्ट पाहिला. "सही नव्हती," ती मला म्हणाली. झुबेदाला नाही, मला! "मी दिलं. सही नव्हती."

मग मात्र धावपळ झाली. डॉक्टर आले. म्हातारीला साखरेचं पाणी, हरीस, मिळेल ते भरवलं. तरी थोड्या वेळाने तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, डोळे मिटू लागले. ग्लुकोजची ड्रिप लावली. मी लॅबमधून तिची साखर पुन्हा पुन्हा तपासत होते आणि आकडा वर यायचं नाव घेत नव्हता. मनोरमाताई जिना चढून आल्या, त्यांनी ड्रिप पाहिली, दोघींचे चेहरे पाहिले, आणि काही न विचारता त्यांना सगळं कळलं. "मी सांगितलं नाही," एवढंच त्या पुटपुटल्या. मग म्हातारीच्या उशाशी बसून त्यांनी तिचा हात जो धरला तो सोडलाच नाही.

म्हातारी वाचली. सकाळी डोळे उघडून तिने पहिला प्रश्न विचारला, हरीस उरलंय का. सगळे हसले, ताई सोडून.

डॉक्टरांनी तिच्या मुलाला झालं ते खरं खरं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, कोणी केलं? आणि हाच प्रश्न वर मॅनेजमेंटकडे गेला, तिथून मेट्रनकडे, आणि मेट्रनकडून अर्थातच मनोरमाताईंकडे.

"दोनों से बात करो, और कल मुझे एक नाम दो," सत्यभामा मॅडम म्हणाल्या. "वन नेम."

त्या दिवशी घरी आल्यावर ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर नुसत्या बसून राहिल्या. मी चहा केला, तो गार झाला.

"कोणाचं सांगू गं?" त्या म्हणाल्या. "झुबेदाने सही केली नाही. आधी सही, मग बाकीचं, हे तिला मीच शिकवलंय. पण ती बिचारी दिवसभर उपाशी. मनालीने विचारलं नाही. पण चार्ट कोरा होता, तिची तरी काय चूक?"

"कोणाचंच सांगू नका."

"असं कसं? मुलगा विचारतोय. त्याची आई आहे ती." मग त्या हळूच म्हणाल्या, "अपर्णा, मी मध्ये नसते ना, तर आठ दिवस रुसल्या असत्या. मग कामापुरतं तरी बोलावंच लागलं असतं. मी त्यांची सोय केली. न बोलायची सोय." आणि त्या रडू लागल्या. एवढी वर्षं एका घरात राहून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या केबिनमध्ये मलाही बोलावलं होतं, त्या वेळी हजर होते म्हणून. दोघी मुली दोन भिंतींना चिकटून उभ्या. मनालीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट लाल केलं होतं. झुबेदा जमिनीकडे बघत होती. दोघींनाही ठाऊक होतं की ह्या दारातून बाहेर पडताना एकीची नोकरी गेलेली असेल.

"यस, मनोरमा. नाम?"

"मॅडम, तीन नाम हैं," ताई म्हणाल्या. आपल्या मिरजेच्या हिंदीत त्यांनी एकेक करून सांगितलं. झुबेदाने इन्सुलिन दिलं आणि सही ठेवली. मनालीने सही नाही म्हणून दिलं आणि विचारलं नाही. मी निरोप घेतला आणि पोचवला नाही. आणि ह्या दोघी किती महिने बोलत नाहीत, मी त्यांचे निरोप कसे नेते, आणि हे तुमच्यापासून मी लपवलं, तेही सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला. "महीनों से? मेरे हॉस्पिटल में?" त्यांनी दोघींकडे पाहिलं. "सच है?"

"मैंने साइन नहीं किया," झुबेदा मॅडमना म्हणाली.

"मैंने पूछा नहीं," मनालीही मॅडमनाच म्हणाली.

"मनोरमा, तीन नाम मैं ऊपर नहीं दे सकती. उनको एक चाहिए."

"तो मेरा दीजिए. वॉर्ड मेरा है."

मला वाटलं मॅडम नाही म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि निकाल सांगितला. मनोरमाताईंचं इन्चार्जपद आजपासून गेलं. त्यांना खाली ओपीडीच्या ड्रेसिंग रूममध्ये टाकलं. कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपतं, पुढचं तेव्हा बघू, म्हणजे बहुतेक नाहीच. दोघी मुलींना लेखी वॉर्निंग, आणि पुन्हा असं झालं तर दोघींचंही तिकीट. "खलास. यल्ला, गो."

आम्ही चौघी बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो. एकीचीही नोकरी गेली नव्हती, आणि तरी दोघींची तोंडं ती गेल्यासारखी. मनालीला एकदम हुंदका फुटला. तिने ताईंचा हात धरला.

"सिस्टर, तिला सांगा ना, मी तिच्या लग्नाचं मुद्दाम नाही केलं. तिला सांगा, प्लीज."

इतकं सगळं होऊनही!

"नाही सांगणार," मनोरमाताई म्हणाल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी मनालीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. "ही काय समोर उभी आहे ती. तूच सांग."

मला वाटलं, आता दोघी दोन दिशांना निघून जाणार आणि बाईंनी गमावलं ते फुकट जाणार. मनाली झुबेदाकडे वळली.

"मी... मी चांगलंच सांगितलं होतं गं तुझ्याबद्दल."

"चांगलं?" झुबेदाचा आवाज फाटला. "मेन्स वॉर्डचं कशाला काढलंस? कोणी विचारलं होतं तुला?"

"तिनेच विचारलं, मुलगी कामाला कशी आहे! मग काय, आळशी आहे म्हणू?"

"आणि नंतर? नंतर दोन दिवस नुसती मागे मागे फिरलीस. सांगितलंस का काय झालं ते? मला त्या मुलाच्या बहिणीच्या तोंडून कळलं!"

"तू बघत तरी होतीस का माझ्याकडे? आणि परवा, परवा मरायला टेकली म्हातारी, तरी अपर्णाला विचारतेस!"

"तू पॅन्ट्रीत डोकावून मान फिरवलीस ते मी बघितलं नाही वाटतं?"

आवाज चढत गेले. दोघी रडत होत्या आणि ओरडत होत्या, मराठीत, कोकणातल्या सगळ्या हेलांसकट. वॉर्डाच्या दारातून पेशंटचे नातेवाईक डोकावले. सिक्युरिटीचा वली जिन्यावरून धावत आला.

"सिस्टर, ये क्या हो रहा है? मॅडम सुनेगी. बंद कराओ," तो मनोरमाताईंना म्हणाला. ह्या हॉस्पिटलात काहीही झालं की सगळे त्यांच्याकडेच बघायचे.

ताईंचा एक पाय पुढे पडलाही, सवयीने. मग त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"वलीभाई, रहने दो," त्या म्हणाल्या. "लड़ने दो उनको. मध्ये कोणी जाऊ नका." आणि मला ओढत त्या ड्रेसिंग रूमकडे चालू लागल्या.